देवाच्या घरी जाताना पाऊल जपून

दावीद राजाने कराराचा कोश यरुशलेमेला आणायचं ठरवलं तेव्हा थाटामाटात काही कसूर ठेवली नव्हती. तीस हजार निवडक माणसं बरोबर होती. कोशासाठी कोरी करकरीत बैलगाडी केली होती. वीणा, डफ, झांजा दणाणत होत्या. नाखोनाच्या खळ्यापाशी बैल अडखळले, गाडी कलली आणि शेजारून चालणाऱ्या उज्जाने कोश सावरायला हात पुढे केला. तो जागच्या जागी मरून पडला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला हा सहावा अध्याय वाचताना कुणालाही वाटतं, बिचाऱ्याचं चुकलं काय? पडणारी वस्तू सावरली इतकंच ना! दावीदालाही रागच आला, मग भीती वाटली, आणि कोश तीन महिने ओबेद-अदोमाच्या घरी राहिला.

उत्तर पहिल्या इतिहासाच्या पंधराव्या अध्यायात मिळतं, तेही दावीदाच्याच तोंडून. कोश गाडीवर ठेवायचाच नव्हता. त्याला कड्या होत्या, कड्यांत दांडे होते आणि ते दांडे लेव्यांनी खांद्यावर घेऊन चालायचं, अशी मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट आज्ञा होती. गाडीची युक्ती पलिष्ट्यांची. त्यांनी कोश परत पाठवला तो तसा. म्हणजे मिरवणुकीत सगळं होतं, फक्त ज्याच्यासाठी मिरवणूक त्याची इच्छा काय, हे कुणी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला लेव्यांनी दांडे खांद्यावर घेतले, सहा पावलांवर यज्ञ झाला आणि मग दावीद नाचला. तागाचा एफोद नेसून, सगळं बळ एकवटून, खिडकीतून पाहणाऱ्या त्याच्या बायकोला, मीखलला, लाज वाटावी असा नाचला.

हा अध्याय इतका लांबवून सांगण्याचं कारण असं, की आपल्या मंडळ्यांमध्ये उपासनेतल्या आदराचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी टाळ्या आणि ड्रमवर येऊन थांबते. जुनी माणसं म्हणतात, पेटी-तबल्यावरचं शांत भजन म्हणजे आदर, बाकी सगळा धिंगाणा. तरुण म्हणतात, तुमची ती उपासना म्हणजे झोपेची गोळी. दावीदाची गोष्ट दोघांचीही पंचाईत करते. पहिल्या मिरवणुकीत वाद्यं होती आणि माणूस दगावला. दुसरीतही वाद्यं होती, वर नाच होता, आणि कोश सुखरूप पोचला. फरक आवाजात नव्हताच. पहिल्या वेळी लोक आपल्या सोयीनं देवाला घेऊन चालले होते, दुसऱ्या वेळी देवाच्या सांगण्यानं. मिटलेले डोळे आणि गंभीर चेहरा हा आदराचा पुरावा नव्हे. आपण कुणासमोर उभे आहोत हे लक्षात ठेवून वागणं म्हणजे आदर. तो वरच्या पट्टीत गाताना असू शकतो आणि चिडीचूप शांततेत नसूही शकतो.

‘पण देव तर आपला बाप आहे, बापाला कसलं भ्यायचं?’ तरुणसंघाच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो. यावा. इब्रीकरांस पत्राचा लेखक चौथ्या अध्यायात आपल्याला कृपेच्या सिंहासनाजवळ धीटपणे यायला सांगतो. तोच बाराव्या अध्यायाच्या शेवटी आदराने आणि भीतीने सेवा करायला सांगतो आणि आपला देव भस्म करणारा अग्नी आहे याची आठवण देतो. पत्र एकच, लेखक एकच, त्याला यात विसंगती दिसत नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही आधी बापाला हाक आहे आणि पहिलीच मागणी त्याचं नाव पवित्र मानलं जावं ही आहे. रोजच्या भाकरीची पाळी नंतर येते.

योहानाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूच्या उराशी टेकून बसलेला शिष्य म्हणून परंपरा ज्याला ओळखते, त्यालाच ती प्रकटीकरणाचा लेखकही मानते. पात्म बेटावर तोच प्रभू गौरवात दिसल्यावर हा मेल्यासारखा पायाशी कोसळतो. मग प्रभू उजवा हात त्याच्यावर ठेवून त्याचं भय घालवतो. हाताचा आधार हवा तर आधी पायाशी पडायला हवं. मराठीत ही दोन्ही टोकं कुणी एकत्र बांधली असतील तर नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मण कवीनं ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं, सखा म्हटलं. इतकी जवळीक करूनही त्यांच्या गीतांत देवाशी बरोबरीचा सूर कुठे लागत नाही. ‘उपासना संगीत’ घरोघरी आहे. येत्या आठवड्यात त्यातलं टिळकांचं एखादं गीत न गाता, चाल बाजूला ठेवून, नुसतं सावकाश वाचून पाहा.

आता करायचं काय, ते पाहू. तयारी शनिवारीच सुरू होते, आणि ती कपड्यांच्या इस्त्रीपासून नव्हे. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं सांगितलं आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी समेट करून यायचं. पहिल्या पिढ्यांच्या मंडळ्या हे शब्दशः घेत. ‘डिडाखे’ नावाची एक अगदी प्राचीन ख्रिस्ती पुस्तिका आहे. तिच्यात भांडण असलेल्यांनी समेट होईपर्यंत रविवारच्या मेळाव्यात सामील होऊ नये, अशी सूचना आहे. आपल्याकडे काय चालतं? एकाच कमिटीतले दोन सभासद वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, एक डाव्या बाजूच्या बाकांवर बसतो, दुसरा उजव्या, आणि दोघंही मोठ्यानं पापकबुली म्हणतात. मोबाइल वाजला की माना वळतात, या अबोल्याबद्दल मात्र कुणाची मान वळत नाही. माझ्या मते आपल्या उपासनेतला सर्वात मोठा अनादर हाच आहे. तेव्हा शनिवारी संध्याकाळी एक फोन करा. समोरच्यानं उचलला नाही, तोडून बोलला, तरी तुमच्या बाजूचं काम तुम्ही केलंत. जिथे मारहाण, फसवणूक किंवा छळ झाला आहे तिथे मात्र हा सल्ला लागू नाही. त्या माणसाला एकट्यानं गाठून समेट करायची जबाबदारी पीडितावर कुणी टाकू नये.

शनिवारी आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या दिवशीचे शास्त्रपाठ ठरलेले असतील तर एकदा वाचून ठेवा. आणि वेळेवर झोपा. रात्री एकपर्यंत मालिका पाहून सकाळी उपदेशात पेंगायचं आणि उपदेश रटाळ होता म्हणायचं, हा पाळकसाहेबांवर अन्याय आहे. (उपदेश रटाळ असू शकतो, हे मान्य. पण ते ठरवायला जागं असावं लागतं.)

रविवारी दहा मिनिटं आधी पोचा. आवारात भेटीगाठी, चहापाणी, पोरांच्या परीक्षांची चौकशी, हे सगळं मंडळीच्या जीवनाचा भाग आहे, ते टाळायचं कारण नाही. पण ते दाराबाहेर किंवा उपासनेनंतर. आत शिरल्यावर बसा आणि काही मागू नका, नुसते बसा. सभोवार हबक्कूक संदेष्ट्यानं साऱ्या पृथ्वीला सांगितलेली शांतता नसेल, पंख्याची घरघर असेल, मागे कुणी गीतांचे क्रमांक विचारत असेल. असू दे. उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात देवाच्या मंदिरात जाताना पाऊल सांभाळायला आणि आधी ऐकायला सांगितलं आहे. ही दहा मिनिटं त्यासाठी.

उशीर झालाच, आणि ज्यांची रात्रपाळी असते, ज्यांची एसटी एकच असते, त्यांना तो होणारच, तर दाराशी क्षणभर थांबा. शास्त्रवाचन किंवा प्रार्थना चालू असेल तर संपू द्या, गीत सुरू झालं की आत या आणि मागच्या बाकावर बसा. दाराशी उभ्या असलेल्या वडिलांनीही अशा माणसाकडे घड्याळ दाखवत बघू नये. तो आला आहे, हे पुरेसं आहे.

फोन बंद करून पिशवीत टाका. फोनवर बायबल वाचत असाल तर फ्लाइट मोड लावा. मी तरी छापील बायबल बरोबर न्यायला सांगेन. फोनवरच्या वचनाच्या वर एक निळा बाण चमकला की मन अहमदनगरातून थेट दुबईतल्या भावाच्या मेसेजपर्यंत जाऊन येतं. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न या वेळी फोटो हवेत हे खरं, पण फोटोग्राफर वेदीवर चढून पाळकाच्या आणि वधूवरांच्या मध्ये उभा राहणार नाही, हे आधीच ठरवून द्या. हे काम कुटुंबानं करायचं असतं, ऐन विधीत पाळकानं नव्हे.

शरीराचं काय करायचं, याबद्दल लोक उगाच भांडतात. रोममध्ये राहिलेल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानं इ. स. १५५ च्या सुमारास सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जात, मग प्रमुख बोध करी, मग सगळे उठून उभे राहत आणि प्रार्थना करत. ३२५ सालच्या निकेयाच्या परिषदेनं तर रविवारी आणि पुनरुत्थानाच्या सणापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत गुडघे न टेकता उभ्यानंच प्रार्थना करावी, असा नियम केला, कारण तो आनंदाचा काळ. पुढे पश्चिमेकडे गुडघे टेकणं रूढ झालं. आपल्याकडे १९६९ साली कॅथॉलिक बिशपांच्या विनंतीवरून रोमनं भारतासाठी बारा मुद्दे मंजूर केले. त्यांत पादत्राणं बाहेर काढणं, मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती, तेलाचा दिवा यांना मोकळीक मिळाली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कित्येक मंडळ्या मात्र कुणाच्या मंजुरीची वाट न पाहता आधीपासूनच चपला दाराबाहेर काढत आल्या आहेत. मोशेला होरेबावर हेच सांगण्यात आलं होतं.

तेव्हा तुमच्या मंडळीची जी रीत असेल ती मनापासून पाळा. उभं राहायचं तर बाकाला रेलून नव्हे, सरळ उभे राहा. गुडघे टेकायचे तर टेका. पुढच्या बाकावर कपाळ टेकवून पुढे झुकणं हा निव्वळ आळस असतो. गुडघेदुखी असलेल्या आजींनी मात्र खुशाल बसून राहावं. दुसऱ्या मंडळीत पाहुणे म्हणून गेलात तर त्यांची रीत धरा. वसईच्या चर्चमध्ये मिस्साला गेलात आणि आजूबाजूचे गुडघा टेकून जागेवर बसले, तर त्यांच्याकडे परीक्षकाच्या नजरेनं पाहू नका. त्यांनीही तुमच्या टाळ्यांकडे पाहू नये.

शास्त्रवाचन हा भाग आपण सर्वांत स्वस्त केला आहे. दृश्य ओळखीचं आहे. सूत्रसंचालक नाव पुकारतो. ज्याचं नाव पुकारलं तो दचकून उठतो, व्यासपीठावर जातो, वळून विचारतो, “कुठला अध्याय?” उत्तर मिळाल्यावर पानं उलटायला लागतो. मलाखी जुन्या कराराच्या शेवटी आहे हे आठवेपर्यंत मंडळी खोकून घेते. मग एका दमात, स्वल्पविराम न पाळता, नावांवर अडखळत वाचन उरकलं जातं आणि शेवटची ओळ संपायच्या आत तो जिना उतरू लागतो. अख्ख्या उपासनेत देवाचे शब्द माणसाच्या पुस्तीशिवाय कानावर पडतात ते याच काही मिनिटांत! वाचकाचं नाव निदान बुधवारपर्यंत ठरवा. वाचकानं घरी मोठ्यानं तीनदा वाचावं, अवघड नावं कुणाला तरी विचारून घ्यावीत, पानात खूण घालून यावं. व्यासपीठावर पोचल्यावर एक श्वास थांबावं. वाचून झाल्यावर पुन्हा एक. ज्याला नीट वाचता येतं त्या सातवीतल्या मुलीला वाचू द्या; कमिटीचा सभासद म्हणून कुणाचा हक्क लागत नाही.

प्रार्थनेबद्दल थोडं कडवट बोलणं भाग आहे. आपल्याकडे उत्स्फूर्त प्रार्थनेची चांगली परंपरा आहे, पण तिला काही रोग जडले आहेत. दर दोन शब्दांनंतर ‘प्रभू बापा’ किंवा ‘हालेलुया’ हे विरामचिन्हासारखं येतं. दुसरा रोग बातम्या देण्याचा: अमुक काकांचं ऑपरेशन अमुक दवाखान्यात अमुक तारखेला झालं, हे देवाला ठाऊक असतं, आपण ते मंडळीला सांगत असतो. तिसरा सर्वांत वाईट, प्रार्थनेच्या आडून टोमणे मारण्याचा. उशिरा येणाऱ्यांना आणि वर्गणी न देणाऱ्यांना सद्बुद्धी दे, अशी विनंती मायक्रोफोनवरून केली की डोळे मिटलेले सगळे जण मनात ती नावं मोजतात. यावर उपाय सोपा आहे. सार्वजनिक प्रार्थना करणाऱ्यानं तीन-चार विषय कागदावर लिहून आणावेत. देव कोण आहे इथून सुरुवात करावी, आपल्याला काय हवं तिथून नव्हे. शब्द थोडे ठेवावेत. लूकच्या अठराव्या अध्यायातला जकातदार दूर उभा राहून एकच वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. लिहिलेल्या प्रार्थनांना नाकं मुरडू नयेत; आणि लिहिलेलं वाचणाऱ्यांनी ते वीज बिलासारखं वाचू नये.

दानपेटीविषयी मलाखी संदेष्टा बोलून गेला आहे, त्यापुढे मी काय बोलणार? लोक आंधळी, लंगडी, आजारी जनावरं यज्ञाला आणत, तेव्हा त्यानं विचारलं की हेच तुमच्या सुभेदाराला देऊन पाहा, तो खूश होईल का? आजच्या थैलीत काय पडतं ते मोजणाऱ्यांना विचारा. मधोमध फाटून चिकटपट्टी लावलेली दहाची नोट, जी किराणावाल्यानं घेतली नाही, भाजीवालीनं घेतली नाही, ती रविवारी हमखास देवाकडे येते. रक्कम किती हा मुद्दा नाही. विधवेच्या दोन टोल्यांना प्रभूनं सर्वांत मोठं दान म्हटलं. अर्पण घरीच बाजूला काढा, पाकिटात घाला. थैली समोर आल्यावर खिशातल्या नोटा चाचपून सर्वांत लहान शोधणं थांबलं, तरी पुष्कळ झालं.

प्रभुभोजनाकडे येताना मात्र सावकाश यायला हवं. करिंथच्या मंडळीला इ. स. ५५ च्या सुमारास पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय दर पवित्र सहभागितेला आपल्या कानांवर येतो, पण त्यात पौल कशाबद्दल चिडला आहे हे निसटतं. पैसेवाले आधी येऊन खाऊनपिऊन घेत, काही तर नशेत असत, आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. अयोग्य रीतीनं खाणं म्हणजे तिथे प्रथम हे होतं: शेजारी भुकेला बसला आहे आणि आपण प्रभूच्या मेजाशी ढेकर देतो आहोत. स्वतःची परीक्षा करा असं तो सांगतो तेव्हा नुसतं मनातल्या वाईट विचारांची यादी करून भागत नाही. मंडळीतल्या ज्या माणसाच्या अस्तित्वाची आपल्याला दखलही नसते, त्याचाही हिशेब त्या परीक्षेत येतो. याकोबानं दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यातला गरीब यांच्यासाठी दोन वेगळ्या जागा ठेवणाऱ्या मंडळीला झाडलं, ते याच कारणानं. आपल्या चर्चमध्ये पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्च्या कुणासाठी राखून ठेवतात, हे एकदा पाहून घ्या.

परीक्षेनंतर काय? पौल पुढे खायलाच सांगतो, परत जायला नव्हे. मंडळीत अशी कितीतरी माणसं आहेत, त्यातल्या त्यात वयस्क स्त्रिया, ज्या आपण लायक नाही म्हणून वर्षानुवर्षं मेजापासून दूर बसतात. त्यांच्या मनातला आदर खरा आहे, पण कुणीतरी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली आहे. यशयाच्या सहाव्या अध्यायात उंबरठे हादरले, मंदिर धुरानं भरलं, यशयाला आपल्या अशुद्ध ओठांची शरम वाटली. पण तिथेच वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागला आणि त्याचा दोष गेला. त्याला हाकलून दिलं नाही, कामाला पाठवलं. अशा एखाद्या बाईंच्या शेजारी बसा आणि पुढच्या वेळी त्यांना हात धरून बरोबर घेऊन जा.

घेण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा कितीतरी धारा एका मंडळीत आल्या. त्यामुळे एका गावी लोक कठड्यापाशी गुडघे टेकून एकाच प्याल्यातून घेतात, तर शेजारच्या गावी बाकावर बसल्या जागी छोट्या पेल्यांचं तबक फिरतं. कुठल्याही पद्धतीत हात मोकळे ठेवा. पर्स, फोन, गीतपुस्तक जागेवर राहू द्या. चौथ्या शतकात यरुशलेमच्या सिरिल बिशपांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना शिकवलं होतं की उजव्या हाताखाली डावा हात सिंहासनासारखा धरावा आणि एक कणही सांडू देऊ नये. सोळाशे वर्षांहून जुना हा सल्ला आजही बिनचूक आहे. कॅथॉलिक वाचकांना कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपास ठाऊकच आहे. इतरांनीही सकाळची भरपेट न्याहारी उपासनेनंतर ठेवायला हरकत नाही, अर्थात मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये. आणि उरलेल्या भाकरीचं, द्राक्षरसाचं काय करायचं, हे मंडळीनं ठरवून ठेवावं. मागच्या खोलीत पोरं ती खाऊ म्हणून पळवतात, हे बरं दिसत नाही.

पोरांचा विषय निघाला तर तोही सांगतो. तान्हं मूल रडणं हा अनादर नाही. आईला बाहेर जायची खूण करणारे लोक मला कधी कळले नाहीत. शिष्यांनी मुलांना अडवलं तेव्हा प्रभू त्यांच्यावर रागावला, हे त्यांनीही वाचलेलं असतं. मात्र मोठ्या मुलांना गप्प बसवण्यासाठी ‘देव मारेल’ हे अस्त्र वापरू नका. ते पुढे आयुष्यभर मनात रुतून बसतं. त्यापेक्षा मुलाला काम द्या: गीतांचे क्रमांक फळ्यावर लावणं, मेणबत्ती पेटवणं, अर्पणाची थैली पुढे नेणं. हातात थैली असलेला आठ वर्षांचा मुलगा कसा चालतो, पाहा. मोठ्यांना उपदेशाची गरज उरत नाही.

देवाच्या भयाचा एक गैरवापर आपल्याकडे वाढतो आहे, त्याबद्दल सावध राहा. मंडळीच्या जमाखर्चाचा हिशेब मागितला, जमिनीच्या व्यवहाराबद्दल प्रश्न विचारला, की देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये अशी धमकी येते. कधी उज्जाची गोष्टही ऐकवली जाते. देवाविषयीचं भय देवापाशी ठेवायचं, पाळकापाशी किंवा बिशपापाशी नव्हे. नाथान संदेष्टा अभिषिक्त दावीद राजासमोर उभा राहून त्याच्या तोंडावर दोष ठेवू शकला, कारण त्याला राजापेक्षा देवाचं भय जास्त होतं. देवाचं भय असलेली मंडळी हिशेब चोख ठेवते आणि मागितल्याबरोबर दाखवते. तसंच आजारपण, अपघात, निपुत्रिक असणं ही देवाची शिक्षा आहे असं सांगून प्रार्थनेचे दर ठरवणाऱ्यांकडे जाऊ नका.

२०२० नंतर घरबसल्या फोनवर उपासना पाहायची सवय लागली ती काहींची सुटलेली नाही. जे अंथरुणाला खिळलेले आहेत, ज्यांच्या गावी मंडळी नाही, त्यांच्यासाठी ही सोय म्हणजे आशीर्वादच. त्यांनी उपासनेच्या वेळी फोन उभा ठेवावा, जमल्यास खुर्चीत बसावं, गीत आलं की घरात एकट्यानंही गावं, चहाचा कप नंतर घ्यावा. पण धडधाकट माणसानं लोळत, भाजी निवडत, दीडपट वेगानं उपदेश ऐकणं याला उपासना म्हणवत नाही. जस्टिनच्या काळात डीकन जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी भाकर आणि प्याला नेऊन देत. आपल्या मंडळीतल्या आजारी माणसांकडे लिंक पाठवून हात झटकू नका, कुणीतरी जा.

एवढ्या सगळ्या सूचना एका रविवारी पाळता येणार नाहीत, पाळूही नका. येत्या आठवड्यात दोनच करा: ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला शनिवारी फोन, आणि रविवारी घंटेच्या दहा मिनिटं आधी जागेवर. वाचकांची यादी बुधवारपर्यंत लावण्याचं कमिटीच्या पुढच्या बैठकीत मांडा, आणि पहिलं नाव स्वतःचं द्या.